जादूगार ठरलेला पोप

आमचे व्यापारी बंधु ज्या नऊ आकड्यांनीं रोजचा जमाखर्च मांडतात, ते हिंदुस्थानांत जन्मले व अरबांच्या हातून युरोपांत गेले, हें सांगावयास नको. पण ते तिकडील विद्यार्थ्यांपुढें मांडणारा एक आरंभींचा ख्रिस्ती आचार्य पुढें रोमचा पोप झाला, आणि मरणानंतर याच विद्येपायीं जादूगार ठरला, ही हकीकत आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं.

जर्बर्ट हें त्याचें नांव. इ. स. ९४६ च्या सुमारास फ्रान्समध्यें एका सामान्य कुळांत तो जन्मला व ओरियाक येथील मठांत वाढला. ९६७ सालीं बार्सिलोनाचा सरदार बोरेल त्यास कॅटलोनियांत घेऊन गेला. तो मुलूख ख्रिस्त्यांचा खरा. परंतु सरहद्दीपलीकडे कॉर्डोव्हाच्या खलिफाचें राज्य होतें, व अरबांची गणित-ज्योतिषविद्या अलीकडील मठांत झिरपत होती. परधर्मीयांची म्हणून ती विटाळाची, असें या तरुण संन्याशानें मानिलें नाहीं.

पुढें रेंस येथील विद्यालयांत त्यानें एका ढाली करणाऱ्या कारागिराकडून २७ रकान्यांची हिशेबाची पाटी करविली, व तीवर मांडावयास शिंगाच्या १,००० सोंगट्या. सोंगट्यांवर नऊ आकडे कोरलेले. रकाना रिकामा राहिला कीं तेंच शून्य. रोमन अंकांत ३४८ ला ७६ नीं गुणून पाहावें, म्हणजे या युक्तीची किंमत कळेल! शून्याचें चिन्ह मात्र त्याच्या पाटीवर नव्हतें. तें तिकडे रुळण्यास आणखी कित्येक पिढ्या लागल्या. १२९९ सालीं फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानें तर वह्यांत हे आकडे लिहिण्यास बंदीच केली.

बादशहा तिसरा ओटो हा जर्बर्टचा शिष्य. त्याच्या पाठबळानें ९९९ सालीं जर्बर्ट दुसरा सिल्व्हेस्टर या नांवानें गादीवर आला. फ्रान्सचा हा पहिला पोप. धर्माधिकार पैशानें विकण्याच्या चालीस त्यानें विरोध केला. १२ मे १००३ रोजीं तो वारला.

आतां आरोपाकडे वळूं. सैतानाशीं करार केला, मुसलमान गुरूचें पुस्तक चोरलें, प्रश्नांस उत्तरें देणारें धातूचें मुंडकें घडविलें, असें त्याजवर तोहमत आहे. साक्षीदार कोण? एक बेनो नामक कार्डिनल. पोप व बादशहा यांच्या झगड्यांत तो बादशहाच्या पक्षाचा, आणि आरोपीच्या मृत्यूस तेव्हां कित्येक दशकें लोटलेली. दुसरा माम्सबरीचा विल्यम. याचा तर जन्मच त्या मृत्यूनंतर सुमारें नव्वद वर्षांनीं झाला. असला पुरावा कोणतेंहि न्यायासन क्षणभर ऐकून घेणार नाहीं. लोकांनीं तो शतकेंच्या शतकें खरा मानिला. समुद्र ओलांडला म्हणून एके काळीं आपल्याच विद्वानांस प्रायश्चित्त देवविणाऱ्या आम्हांस त्यांना हंसण्याचा अधिकार नाहीं, हेंहि जातां जातां सांगून ठेवितों.

रोमच्या लॅटरन मंदिरांत त्याचें थडगें आहे. पोपचा अंत जवळ आला कीं त्यांतील हाडें खडखडतात, अशी कथा तेथें पुष्कळ काळ चालत आली. ओरियाक गांवीं मात्र १८५१ सालीं त्याचा पुतळा उभारण्यांत आला.