हात धुवायला लावणारे डॉक्टर

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बुडा येथे झाला. १८४६ पासून ते व्हिएन्नाच्या इस्पितळात होते. तेथे सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात कितीतरी अधिक बाळंतिणी तापाने दगावत. मरणासन्न मातेकडे ख्रिस्तशरीर नेणाऱ्या धर्मगुरूंच्या घंटीलाही दोष दिला गेला. बिचाऱ्यांनी वाट बदलली, मरणे थांबली नाहीत! १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या सुरीची जखम होऊन सेमेलवाइसांचे डॉक्टरमित्र तशाच आजाराने वारले. तेव्हा उलगडा झाला. मृतदेह हाताळून डॉक्टर थेट बाळंतिणींना तपासत. सेमेलवाइसांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शेकडा १८ माता दगावल्या होत्या, जूनमध्ये २. आपल्याच हातून मरण गेले, हे वरिष्ठांना रुचले नाही. १८४९ मध्ये त्यांची नोकरी संपली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, ते वारले.