मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी बंद! हायब्रिडमधली छोटी बॅटरी आणि तिचा जनक गॅस्टन प्लांटे

आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याला जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण त्याने बनवलेली वस्तू आजही तुमच्या बाईकमध्ये, घरच्या इन्व्हर्टरमध्ये आणि अगदी नव्याकोऱ्या हायब्रिड कारमध्येही बसलेली आहे. त्याचं नाव गॅस्टन प्लांटे. आणि त्याची ओळख मला झाली ती माझ्याच एका चुकीमुळे.

झालं असं की, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. सकाळी साडेसहाला हॉस्पिटलमध्ये पोहोचायचं होतं. बारा दिवस गावी राहून आम्ही आदल्या रात्रीच पुण्यात परतलो होतो आणि आमची सेकंड हँड हायब्रिड गाडी तेवढे दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. सकाळी रिमोट दाबला, काहीच नाही. रिमोटच्या आत लपलेली साधी किल्ली काढून दार उघडलं. स्टार्टचं बटण दाबलं, तर डॅशबोर्डवर दिवे मंद लुकलुकले, आतून टिकटिक आवाज आला आणि सगळं शांत. गावी जायच्या आधी मोठ्या बॅटरीच्या आठपैकी सहा कांड्या भरलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. टाकीत पेट्रोलही होतं. तरी गाडी जागची हलेना. आई डोळ्यात थेंब घालून गेटपाशी उभी. शेवटी रिक्षा केली आणि कसेबसे वेळेत पोहोचलो.

दुपारी गॅरेजवाले दादा आले. त्यांनी डिकीतलं एक झाकण काढून खालची छोटी काळी बॅटरी दाखवली आणि मल्टीमीटर लावला. १०.८ व्होल्ट! म्हणजे बॅटरी पार झोपलेली. दोषी कोण? मीच. महिनाभरापूर्वी मी डॅशकॅम थेट बॅटरीला जोडला होता आणि तो पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करत बसला होता.

मोठी बॅटरी असताना छोटी कशाला?

हा प्रश्न मलाही पडला. एक उदाहरण घ्या. फोन ८० टक्के चार्ज आहे, पण पॉवर बटणच तुटलंय. चालू होईल का? नाही ना? हायब्रिडमध्ये ते बटण म्हणजे ही १२ व्होल्टची सहायक बॅटरी. गाडीतले कॉम्प्युटर, दारांची लॉक, दिवे हे सगळं तिच्यावर चालतं. शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी सुरक्षेसाठी गाडी बंद असताना पूर्ण तोडलेली असते. तिला जोडणारे मोठे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, ओढायला लागणारी वीज छोटी बॅटरीच देते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि ही छोटी बॅटरी बहुतेक गाड्यांमध्ये लेड ॲसिड जातीची असते. म्हणजे शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिड. मला वाटलं, एवढ्या आधुनिक गाडीत ही जुनी वस्तू कुठून आली? तिथून मी प्लांटेपर्यंत पोहोचलो.

पक्ष्याचं हाड सापडलेला मुलगा

गॅस्टन प्लांटेचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज डोंगरांच्या जवळच्या ऑर्थेझ गावात झाला. विसाव्या वर्षी, १८५४ मध्ये, तो पॅरिसमधल्या कला आणि यंत्रविद्येच्या प्रसिद्ध संस्थेत भौतिकशास्त्राचा सहायक म्हणून लागला. तिथे त्याचे वरिष्ठ होते एडमंड बेकरेल. पुढे किरणोत्सर्गाच्या शोधासाठी नोबेल मिळवणाऱ्या हेन्री बेकरेल यांचे ते वडील.

गंमत म्हणजे प्लांटेचं नाव पहिल्यांदा गाजलं ते बॅटरीमुळे नाही. १८५५ मध्ये त्याला पॅरिसजवळ एका अवाढव्य, न उडणाऱ्या प्राचीन पक्ष्याचे जीवाश्म सापडले. माणसाहून उंच असा हा पक्षी. त्याच्याच नावावरून त्या पक्ष्याला गॅस्टोर्निस म्हणजे गॅस्टनचा पक्षी असं नाव मिळालं. वय वर्षं २१! आजचा कोणी असता तर त्याच जोरावर आयुष्यभर मुलाखती देत फिरला असता. प्लांटे मात्र परत विजेकडे वळला.

दोन पत्रे आणि एक भांडं

त्या काळी बॅटरी म्हणजे वापरा आणि फेका. आतली रसायनं संपली की खेळ खलास. वीज उलटी आत ढकलून बॅटरी पुन्हा भरता येईल का, याचे छोटे प्रयोग आधीही झाले होते, पण कामाला येईल असं काही कोणाच्या हाती लागलं नव्हतं.

१८५९ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, प्लांटेने शिशाचे दोन पत्रे घेतले. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवल्या, सुरळीसारखी गुंडाळी केली आणि ती सुमारे १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवली. बाहेरून वीज दिली की ती साठायची आणि नंतर परत मिळायची. ही कामाला येणारी पहिली रिचार्जेबल बॅटरी. पुढच्याच वर्षी त्याने असे नऊ सेल जोडून बनवलेली बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर मांडली. आपल्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असेच सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण दोन व्होल्टचे.

म्हणजे तुमची पॉवर बँक आणि फोनची बॅटरी आतून वेगळ्या रसायनाची असली, तरी पुन्हा पुन्हा चार्ज करायची ही सवय जगाला लागली ती इथून.

साठवण होती, झरा नव्हता

पण मित्रांनो, इथे एक अडचण होती आणि तीच मला माझ्या गाडीजवळ परत घेऊन आली. प्लांटेची बॅटरी वीज साठवायची, पण ती भरायची कशाने? १८५९ मध्ये घरात प्लग नव्हता, पॉवर स्टेशन नव्हतं. त्याला आपली बॅटरी भरायला त्याच जुन्या, वापरा आणि फेका सेलांची वीज घ्यावी लागायची. टाकी बांधली, पण नळाला पाणी नाही अशातली गत. ग्रामचा डायनॅमो १८७१ मध्ये आला आणि तिथून पुढे वीज हवी तेवढी बनवता येऊ लागली. तोवर दहा-बारा वर्षं प्लांटेचा शोध बराचसा प्रयोगशाळेतच राहिला.

दुसरी अडचण वेळेची. साध्या शिशाच्या पत्र्यात सुरुवातीला वीज फारच कमी मावायची. ती क्षमता वाढवायला प्लांटे बॅटरी भरायचा, रिकामी करायचा, उलट्या दिशेने भरायचा, काही काळ तशीच ठेवायचा आणि पुन्हा तेच. असं आठवडे, महिने चालायचं. प्रत्येक फेरीत पत्र्याचा पृष्ठभाग थोडा अधिक सच्छिद्र व्हायचा आणि थोडी जास्त वीज साठायची. मधल्या काळात, १८६० मध्ये, तो सर्वसामान्य लोकांना शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत भौतिकशास्त्राचा प्राध्यापकही झाला. प्रयोग सुरूच होते. १८५९ ते १८७९ अशा वीस वर्षांच्या कामाचं पुस्तक त्याने १८७९ मध्ये छापलं.

१८८१ च्या सुमारास कामील फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या संयुगाची पेस्ट पत्र्यावर लावायची युक्ती काढली. महिन्यांचं काम वाचलं आणि कारखान्यात बॅटऱ्या बनू लागल्या. सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गाड्या याच बॅटऱ्यांवर धावल्या. आज आपल्याकडे मिळते ती बॅटरी या पेस्टवाल्या घराण्यातली. त्यामुळे प्लांटेसारखं तिला मुद्दाम पूर्ण रिकामं करायला जाऊ नका. उलट त्यानेच ती लवकर मरते.

कारण असं. बॅटरी रिकामी होताना दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून जातं. रिकामी तशीच पडून राहिली, तर त्याचे कडक स्फटिक बनतात आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. याला सल्फेशन म्हणतात. रसायन १८५९ चंच आहे, म्हणून दुखणंही तेच आहे.

हायब्रिडमध्ये हे कळत का नाही?

साध्या गाडीत बॅटरी म्हातारी झाली की सेल मारताना इंजिन जड फिरतं. आपल्याला आधीच इशारा मिळतो. बहुतेक स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी करते. छोटीला फक्त कॉम्प्युटर जागे करायचे असतात, तेही थोड्याशा विजेवर. त्यामुळे ती आतून खंगत जाते आणि आपल्याला पत्ता नसतो. मग एका सकाळी सगळं एकदम बंद.

त्यात ती चार्ज होते ती फक्त गाडी रेडी असताना, मोठ्या बॅटरीकडून, एका कन्व्हर्टरमधून. गाडी उभी म्हणजे नळ बंद. आता हिशोब बघा. बंद गाडीची स्वतःची गळती समजा ३० मिलीॲम्पिअर. दिवसाला साधारण ०.७ ॲम्पिअर-अवर. ४५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी महिन्यात जवळपास अर्धी. त्यात माझा डॅशकॅम, समजा २०० मिलीॲम्पिअर. दिवसाला आणखी ४.८. म्हणजे आठ-नऊ दिवसांत खडखडाट. मी बारा दिवस गावी होतो!

मग करायचं काय?

१. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रेडी मोडमध्ये ठेवा किंवा फिरवून आणा. मध्येच इंजिन चालू होतं, म्हणून बंद जागेत हे करू नका.

२. रेडी न करता नुसतं गाणी ऐकत बसू नका. त्याने बॅटरी चार्ज होत नाही, उतरते.

३. साधा मल्टीमीटर घ्या. काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे धोका.

४. डॅशकॅम जोडायचाच असेल, तर ठराविक व्होल्टेजला आपोआप बंद होणारं किट लावा.

५. जंप देताना मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच प्लस आणि मायनस जोडा. केशरी रंगाच्या वायरींना हात लावू नका. आणि हायब्रिडने दुसऱ्या मोठ्या गाडीला जंप देण्याचा मोह टाळा.

६. बॅटरी बदलताना कंपनीने सांगितलेला प्रकारच घ्या. डिकीत किंवा सीटखाली बसणाऱ्या बॅटरीला वायू बाहेर नेणारी नळी लागते. ती जोडायला विसरू नका.

७. रिमोटमधली साधी किल्ली कुठे आहे आणि कशी काढायची, हे घरातल्या सगळ्यांना आजच दाखवून ठेवा.

शेवटी

प्लांटे २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळच्या बेलव्ह्यू इथे वारला. वय फक्त ५५. मोटारगाड्या तेव्हा नुकत्याच जन्माला येत होत्या. मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली हायब्रिड कार जपानमध्ये आली ती १९९७ मध्ये, आणि तिच्यातही मोठ्या बॅटरीच्या जोडीला एक १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी होतीच. चंद्रावरच्या एका विवराला आज प्लांटेचं नाव आहे.

आईचं ऑपरेशन छान झालं. तिला आता स्पष्ट दिसतंय आणि मी गाडीची काळजी घेतो की नाही, यावर तिचं बारीक लक्ष आहे. मी नवी बॅटरी बसवली, डॅशकॅमची वायर काढली आणि दर रविवारी सकाळी गाडी एक चक्कर मारून आणतो. बॅटरी वीज बनवत नाही, आपण दिलेली परत करते. प्लांटेला भरायला साधन नव्हतं, तरी तो वीस वर्षं तिच्यामागे लागला. माझ्याकडे सगळं साधन होतं, मी फक्त बारा दिवस विसरलो.

तुमच्या घरी हायब्रिड असेल, तर आज संध्याकाळी एकदा व्होल्टेज बघाच. आणि ज्या मित्राची गाडी कायम पार्किंगमध्ये धूळ खात असते, त्याला हा लेख नक्की पाठवा.