ब्रूटस : निष्ठा, मनवळवणी आणि द्रोह

मार्कस ज्युनियस ब्रूटस मराठी वाचकाला परिचित आहे तो मुख्यतः शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’ या शोकात्मिकेतून. १५९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचा प्रधान आधार म्हणजे प्लूटार्कने लिहिलेली चरित्रे. टॉमस नॉर्थने १५७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषांतरातून ती शेक्सपिअरला उपलब्ध झाली. नाटकातील ब्रूटसचा काळ इ.स.पू. ४४ च्या आरंभी सुरू होतो आणि इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपाय येथे संपतो. त्यापूर्वीच्या सुमारे चाळीस वर्षांविषयी नाटक जवळजवळ मौन पाळते. परंतु ब्रूटसची निष्ठा नेमकी कोणावर होती आणि त्याचे मन वळवणे शक्य का झाले, या प्रश्नांची उत्तरे त्या चाळीस वर्षांतच दडलेली आहेत.

ब्रूटसचा जन्म इ.स.पू. ८५ च्या सुमारास झाला. ज्युनियस कुळातील हे घराणे आपली परंपरा ल्युशियस ब्रूटसपर्यंत नेत असे. अखेरच्या राजाला घालवून रोममध्ये प्रजासत्ताक स्थापन करणारा आणि पदच्युत राजासाठी कट करणाऱ्या स्वतःच्या पुत्रांना देहदंड देणारा पुरुष म्हणून त्याची ख्याती होती. मातृकुळातही सर्व्हिलियस अहाला हा सत्तालोभ्याचा वध करणारा पूर्वज सांगितला जाई. म्हणजे एकाधिकारशाहीचा विरोध हा ब्रूटसला विचारांती लाभलेला सिद्धांत होण्यापूर्वीच वारसाहक्काने मिळालेला होता. इ.स.पू. ५४ च्या सुमारास टांकसाळीचा अधिकारी असताना त्याने स्वातंत्र्यदेवतेची आणि या दोन्ही पूर्वजांची प्रतिमा असलेली नाणी पाडली, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

त्याच्या बालपणी, इ.स.पू. ७७ मध्ये, शरण आलेल्या त्याच्या पित्याला पॉम्पीने ठार करविले. आई सर्व्हिलिया ही सीझरची दीर्घकाळ प्रेयसी होती, तर तिचा सावत्र भाऊ केटो हा सीझरचा कट्टर विरोधक. ब्रूटसच्या घरातच रोमच्या राजकारणाचे दोन्ही पक्ष नांदत होते. तत्त्वज्ञानाची आवड त्याने केटोप्रमाणे जोपासली. परंतु व्यवहारात तो निःस्पृह होता असे म्हणता येत नाही. सायप्रसमधील सलामिस नगराला त्याने मध्यस्थांच्या नावे शेकडा ४८ व्याजाने कर्ज दिले होते. वसुलीसाठी त्याच्या हस्तकाने घोडदळानिशी नगरसभेला वेढा घातला आणि पाच सभासद उपासमारीने मृत्यू पावले. इ.स.पू. ५१ मध्ये सिलिशियाचा प्रांताधिपती झालेल्या सिसेरोला हा सारा प्रकार उमगला, तेव्हा तो अस्वस्थ झाला.

इ.स.पू. ४९ मध्ये यादवी युद्ध पेटले. ब्रूटस आईच्या प्रियकराकडे जाईल, निदान पित्याच्या मारेकऱ्याकडे तरी जाणार नाही, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. तो गेला पॉम्पीकडे. वैयक्तिक वैरापेक्षा प्रजासत्ताकाचा पक्ष त्याने श्रेष्ठ मानला. व्यक्तीपेक्षा तत्त्व मोठे मानणाऱ्या या निवडीतच पुढील द्रोहाचे बीज आहे. कारण जो तत्त्वासाठी शत्रूशी हातमिळवणी करू शकतो, तो तत्त्वासाठी मित्रावर शस्त्रही उगारू शकतो. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सेलसच्या लढाईत पॉम्पीचा पराभव झाला. ब्रूटसला इजा होऊ नये, अशी सीझरने आपल्या अधिकाऱ्यांना ताकीद दिली होती. ब्रूटसने सीझरला पत्र धाडले आणि त्याला क्षमा मिळाली.

यापुढील चार वर्षे दुहेरी निष्ठेची होत. इ.स.पू. ४६ मध्ये केटोने सीझरची क्षमा नाकारून युटिका येथे आत्महत्या केली; त्याच वर्षी ब्रूटस सीझरच्या वतीने आल्प्सअलीकडील गॉलचा कारभार पाहत होता. त्याने केटोची प्रशस्ती लिहिली आणि इ.स.पू. ४५ मध्ये पहिल्या पत्नीला सोडून केटोची विधवा कन्या पोर्शिया हिच्याशी विवाह केला. मात्र इ.स.पू. ४४ साठीचे नगर-प्रेटरचे मानाचे पद त्याने सीझरच्याच कृपेने स्वीकारले. जिवंत उपकारकर्ता आणि मृत मामा यांच्यामध्ये तो उभा होता.

त्याच वर्षी सीझर आजन्म हुकूमशहा झाला. ब्रूटसच्या बहिणीचा पती आणि त्या पदासाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी कॅशियस याने आता त्याच्याशी समेट केला. ब्रूटसच्या आसनावर आणि ल्युशियस ब्रूटसच्या पुतळ्यावर त्याला डिवचणारे मजकूर आढळू लागले. प्लूटार्कच्या ब्रूटस-चरित्रात ते नागरिकांनी लिहिलेले आहेत. शेक्सपिअरने निरनिराळ्या हस्ताक्षरांतील पत्रे कॅशियसकडूनच टाकविली. या एका बदलाने लोकमताचे रूपांतर बनावट लोकमतात झाले. तरीही दोन्हीकडे मनवळवणीचे मर्म एकच आहे. कॅशियस ब्रूटसला काही नवे पटवून देत नाही. त्याला त्याच्या नावाची आठवण करून देतो. स्वतःच्या प्रतिमेवर जो निष्ठा ठेवतो, त्याला ती प्रतिमा दाखवणारा सहज जिंकतो.

इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला सीझर सेनेटमध्ये येण्यास कचरत होता. त्याला घरातून बाहेर काढले ते डेसिमस ब्रूटसने. सीझरचा हा विश्वासू सेनानी त्याच्या मृत्युपत्रातील पर्यायी वारसांपैकी एक होता. व्यावहारिक अर्थाने विश्वासघात त्याचा अधिक उघड होता. परंतु परंपरेने विश्वासघाताचे नाव दिले ते मार्कसला. सीझरने मरताना त्याला उद्देशून काढलेल्या उद्गारांची कथा स्यूटोनियस केवळ ऐकीव म्हणून नोंदवतो. अंगावरील तेवीस जखमांपैकी लोकस्मृतीत एकच राहिली, कारण ती सच्छील समजल्या जाणाऱ्या हाताची होती.

ज्याचे मन वळवणे इतके सुकर ठरले, त्याला इतरांचे मन वळवणे साधले नाही. अँटनीला जीवदान देणे आणि सीझरच्या जाहीर अंत्यविधीला संमती देणे या दोन्ही गोष्टी ब्रूटसच्या आग्रहाने झाल्या. कॅपिटॉलवरील त्याचे भाषण सिसेरोला रेखीव वाटले, पण त्यात आवेश नव्हता. वास्तविक अंत्यविधीप्रसंगी ब्रूटस बोललाच नाही. शेक्सपिअरने त्याचे गद्य भाषण अँटनीच्या पद्य भाषणाच्या अगदी लगत ठेवले आणि इतिहासात काही दिवसांत विखुरलेला पराभव एका प्रवेशात घडविला. ब्रूटस कारणे देतो. अँटनी मृतदेह आणि मृत्युपत्र दाखवतो.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रूटसने इटली सोडली. अथेन्समध्ये तो तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐके आणि त्याच वेळी सैन्य जमवी. तरुण कवी होरेस तेथेच त्याला मिळाला. पुढे त्याने अँटनीच्या भावाला मारविले. लिशियातील झँथस नगराचा त्याच्या वेढ्यात विनाश झाला. याच काळातील त्याच्या नाण्यावर एका बाजूस दोन खंजीर व स्वातंत्र्याची टोपी आहे, दुसऱ्या बाजूस खुद्द ब्रूटसचा चेहरा. हयात असताना नाण्यावर आपली मुद्रा उमटविणे हे सीझरच्या राजतृष्णेचे लक्षण मानले गेले होते.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपाय येथे दोन लढाया झाल्या. नाटकात त्या एकाच दिवसात येतात. पहिलीत ब्रूटसने ऑक्टेव्हियनची छावणी जिंकली, पण ते न कळल्याने कॅशियसने आत्मघात केला. सुमारे तीन आठवड्यांनी ब्रूटसही हरला आणि स्वतःच्या तलवारीवर कोसळला. अँटनीने त्याच्या देहावर आपले मौल्यवान वस्त्र घातले.

डान्टेने ब्रूटसला नरकाच्या तळाशी जूडासशेजारी ठेवले, तर शेक्सपिअरने शत्रूकडून त्याचा गौरव करविला. हे दोन निर्णय परस्परविरोधी भासले तरी त्यांचा आधार एकच आहे. ब्रूटसच्या ठायी निष्ठेचा अभाव नव्हता. ती माणसांना ओलांडून आपल्या नावाशी आणि तत्त्वाशी जडलेली होती. सलामिसचे कर्ज आणि फार्सेलसची क्षमा नाटकाबाहेर राहिल्याने त्याची प्रतिमा उजळ झाली. परंतु त्या दोन्हींसह ब्रूटसचा विचार केला, तर त्याच्या शोकात्मतेला उणेपणा येत नाही. आपल्या निष्ठेची शुद्धता तपासण्याची गरज ज्याला कधीच वाटली नाही, अशा माणसाची ती शोकात्मिका ठरते.