ब्रँच रिकी

मुलांनो, शाळेच्या क्रिकेट संघाच्या यादीत आपले नाव दिसले की तुम्हांला किती आनंद होतो! पण ती यादी करणाऱ्याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार आवडीने खेळतात. तेथील महाविद्यालयांच्या संघांना प्रशिक्षक असतात. खेळाडू निवडणे, खर्चाचा मेळ बसवणे, मुले अभ्यासात मागे पडत नाहीत ना हे पाहणे, ही सारी त्यांची कामे. ब्रँच रिकी हे असेच एक प्रशिक्षक होते.

रिकी यांचा जन्म 1881 मध्ये ओहायो राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शिकायला पैसा नव्हता. म्हणून त्यांनी आधी खेड्यातील शाळेत शिकवून पैसे साठवले आणि मग ओहायो वेस्लियन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे ते खेळातही चमकले. पण त्यांनी बाहेर पैसे घेऊन खेळ केला होता. अशा खेळाडूला विद्यार्थ्यांच्या संघात जागा नसे. रिकींचे नाव यादीतून गेले. पुढे विद्यापीठाने 1903 मध्ये त्यांनाच बेसबॉल संघाचे प्रशिक्षक नेमले. आता यादी त्यांच्या हाती आली!

त्यांच्या संघात चार्ल्स थॉमस नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. त्याचे काम आपल्या यष्टिरक्षकासारखे होते. एकदा संघ सामन्यासाठी साउथ बेंड या शहरी गेला. हॉटेलात इतरांना खोल्या मिळाल्या. थॉमसला मात्र त्याच्या रंगामुळे नकार मिळाला. रिकी हटून बसले. बरीच हुज्जत झाली. शेवटी रिकींच्याच खोलीत थॉमससाठी एक खाट टाकण्यात आली. त्या खोलीत थॉमस रडत होता आणि जणू कातडीचा रंग निघावा, असे आपले हात चोळत होता. हा प्रसंग रिकी आयुष्यभर सांगत असत. खाट मिळवून दिली, पण ते रडणे त्यांना थांबवता आले नव्हते.

नंतर रिकींना क्षयरोग झाला. त्यातून बरे होऊन ते मिशिगन विद्यापीठात कायदा शिकू लागले. 1910 पासून तेथील बेसबॉल संघही त्यांनी सांभाळला. 1911 मध्ये कायद्याची पदवी मिळवली.

पुढे ते मोठ्या व्यावसायिक संघांचा कारभार पाहू लागले. पैशाच्या बाबतीत ते फार हिशेबी होते. खेळाडू त्यांच्यावर कुरकुर करत. त्या काळी या संघांत कृष्णवर्णीयांना घेत नसत. 1945 मध्ये रिकींनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूशी करार केला. 15 एप्रिल 1947 रोजी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघातून मैदानात उतरला. चार्ल्स थॉमस तोवर शिकून दंतवैद्य झाला होता.