लाल मफलर आणि रंगीत पेन्सिल

शेरपा तेनसिंग म्हटले की सगळ्यांना २९ मे १९५३ आठवतो. मला मात्र त्याच्या आयुष्यातला आदल्या वर्षीचा हुकलेला दिवस, २८ मे १९५२, अधिक मोठा वाटतो.

नेपाळच्या खुंबू भागात याक राखत वाढलेला हा मुलगा. शाळा पाहिलेली नाही, जन्मतारीखही ठाऊक नाही. घरातून पळून दार्जिलिंगला आला आणि १९३५ साली एव्हरेस्टच्या मोहिमेवर हमाल म्हणून लागला. पुढे १७ वर्षे तो डोंगर त्याला बोलावत राहिला. १९५२ च्या स्विस मोहिमेने त्याला ओझेवाला न मानता बरोबरीचा गिर्यारोहक मानले. जोडीदार मिळाला रेमंड लँबर्ट. हिमदंशाने याच्या पायांची बोटे गेलेली! दोघांना समान अशी भाषा नव्हती. मोडके इंग्रजी आणि खाणाखुणा यांवरच भागे.

सुमारे ८,४०० मीटर उंचीवर दोघांनी तंबूत रात्र काढली. झोपायच्या पिशव्या नाहीत, स्टोव्ह नाही. मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी केले. डोळा लागला तर गारठून जाऊ, म्हणून रात्रभर एकमेकांचे अंग चोळत राहिले. सकाळी आग्नेय धारेवर निघाले. प्राणवायूची यंत्रे चालताना कामच देईनात. थांबले तरच उपयोग. आळीपाळीने पुढे होत, कधी अक्षरशः रांगत, पाच तासांत चढले जेमतेम दोनशे मीटर. शिखर अडीचशे मीटर उरले होते. तिथून दोघे मागे फिरले. दोघांपैकी एकाने जरी हट्ट धरला असता, तरी दोघेही परतले नसते असे मला वाटते.

पुढच्या वर्षी हिलरीबरोबर त्याच धारेने तो सकाळी साडेअकराला शिखरावर पोचला, तेव्हा गळ्यात लँबर्टने दिलेला लाल मफलर होता. बर्फात त्याने थोडी मिठाई पुरली आणि धाकट्या मुलीने, नीमाने, दिलेली लाल-निळी पेन्सिल ठेवली. स्वतःला लिहिता येत नव्हते. १९५५ चे आत्मचरित्रही त्याने सांगितले, लिहिले दुसऱ्याने. माझ्या प्रवेश-अर्जावर वडिलांचा अंगठा आहे, म्हणूनही असेल, मला झेंड्यांपेक्षा ती पेन्सिलच आधी दिसते.

१९५४ पासून दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत त्याने कितीतरी तरुणांना दोर धरायला शिकवले. ९ मे १९८६ रोजी तिथेच तो वारला.