रॉबर्ट रँडल कोण होते? मृत्युपत्रातील एका शेतावर कसा उभा राहिला खलाशांचा आश्रम?
रॉबर्ट रिचर्ड रँडल न्यूयॉर्कमधील जहाजव्यापारी कुटुंबातले, अविवाहित. १८०१ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी मॅनहॅटनमधील २१ एकरांचे शेत वृद्ध, थकलेल्या खलाशांच्या आश्रमासाठी मृत्युपत्रात लिहून दिले. विश्वस्त नेमताना त्यांनी व्यक्तींऐवजी पदे निवडली. त्यात शहराचे महापौर होते, तसेच ट्रिनिटी या एपिस्कोपल चर्चचे मुख्य धर्मगुरूही. म्हणजे माणसे बदलली तरी विश्वस्त मंडळ कायम!

मात्र वारसा हक्क सांगणाऱ्यांनी मृत्युपत्राला आव्हान दिले. अखेर १८३० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विश्वस्तांच्या बाजूने निकाल दिला. तोवर शहर वाढून शेतापर्यंत आले होते. विश्वस्तांनी जमीन विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. त्या उत्पन्नावर १८३३ मध्ये स्टेटन आयलंडवर ‘सेलर्स स्नग हार्बर’ सुरू झाले. रँडल यांच्या निधनानंतर तब्बल ३२ वर्षांनी खलाशांना हक्काचे छप्पर मिळाले.