अनुताई वाघ आणि त्यांची कुरणशाळा

भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी बाईंनी आम्हांला एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. वर्गातल्या बहुतेकांनी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई घेतल्या. मी अनुताई वाघ घेतल्या. त्याला कारण आहे.

आमच्या घराजवळच्या द्राक्षबागेत दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची टोळी येते. यंदा त्यांच्यात तीन मुले शिकण्याच्या वयाची होती. मी सातवीत आहे, तेव्हा संध्याकाळी आपण त्यांना शिकवावे असे मला वाटले. मी त्यांना पाच वाजता मारुतीच्या पारावर यायला सांगितले. पहिल्या दिवशी कोणीच आले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग आला. यांना शिकायचेच नाही, असे मी बाईंना सांगून टाकले. बाई काही बोलल्या नाहीत. कपाटातून अनुताईंवरचे पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. मोरगाव म्हणजे जिथे अष्टविनायकातला मयूरेश्वर आहे ते गाव. त्या काळी मुलींची लग्ने फार लवकर होत. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांतच पती वारले. म्हणजे आम्हां सातवीतल्या मुलींच्या वयाला त्या विधवा झाल्या होत्या! हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले. अशा मुलीने घरात कोपऱ्यात बसून जन्म काढायचा, अशी तेव्हा रीत होती. पण अनुताई शिकत राहिल्या. पुण्याला शिक्षिकेचे ट्रेनिंग पुरे करून 1929 साली त्या नोकरीला लागल्या, तीही आपल्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडकडे. हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते.

चार वर्षांनी त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत गेल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायला बसायचे, असे करून 1937 साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी 1961 मध्ये मिळवली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. हे मी आजोबांना सांगितले तर ते म्हणाले, की मग मलाही पाचवीत घाला.

1945 साली बोरिवलीला एका शिबिरात त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई लहान मुलांच्या शिक्षणातल्या मोठ्या जाणकार. त्यांना खेड्यातल्या गरीब मुलांसाठी काम सुरू करायचे होते. पुण्यातली बसलेली घडी मोडून अनुताई त्यांच्याबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे.

तिथे बालवाडी काढली, पण वस्तीतली मुले येईनात. माझ्यासारखेच झाले की! पण अनुताई रागावल्या नाहीत. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या दारात न्यायची, असे त्यांनी नि ताराबाईंनी ठरवले. वस्तीत जायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे आणि तिथेच अंगणात गाणी-गोष्टी घ्यायच्या. हीच अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना पुढे 1975 मध्ये आली. आमच्या शाळेशेजारी जी अंगणवाडी आहे, तिचे नाव कुठून आले ते मला तेव्हा कळले. विकतची खेळणी परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांनी शिकवायची साधने केली.

पुढे 1956-57 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथे वारली आदिवासी राहतात. त्यांची मुले गुरे चारायला जात, मग शाळेत कोण येणार? म्हणून गुरे जिथे चरतात तिथे शिकवायचे, ही कुरणशाळा. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहत, म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडले. 1973 मध्ये ताराबाई वारल्या, तेव्हा सगळा भार अनुताईंवर आला. त्यांनी तो वाहिला. 1985 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 27 सप्टेंबर 1992 रोजी त्या गेल्या.

पाळणाघराचे वाचले आणि मी दुसऱ्याच दिवशी बागेकडे गेले. तिघांतली मोठी मुलगी झोपडीपुढे बसली होती, कडेवर तिचा धाकटा भाऊ. आई बागेतून येईपर्यंत तिला हलता येत नव्हते, आणि तिला सोडून बाकीची दोघे येत नव्हती. एवढेच होते, आणि मी ते विचारलेच नव्हते.

मग आम्ही झोपडीपुढेच बसू लागलो. मोजायला मी विरळणीत खाली पडलेले द्राक्षांचे मणी घेतले. पण त्यांच्यावर औषध मारलेले असते आणि बाळ सगळे तोंडात घालते, म्हणून ते फेकून दिले. आजीकडून चिंचोके आणले, तेही बाळाच्या हाती लागू देत नाही. त्यांची बोली वेगळी आहे. मी एक शब्द सांगते, ती मुलगी तिच्याकडचा सांगते, मग दोन्ही पाटीवर लिहितो. ती आता काना-मात्रा-वेलांटीचे शब्द वाचते. जोडाक्षरे अजून अडतात.

खुडा संपला की टोळी परत जाईल. त्याआधी जोडाक्षरे व्हायला हवीत. सध्या तिघांत एकच पाटी आहे. हे वाचणाऱ्या पालकांपैकी कोणाच्या घरी जुनी पाटी पडून असेल, तर कृपया बाईंच्या टेबलावर आणून ठेवावी. कोपरा फुटलेली असली तरी चालेल.